थंडी कोणत्या रकान्यात लिहायची?

डिसेंबर आला की सरकार नागपूरला येतं. १९५३ च्या नागपूर करारात तसं ठरलं आणि १९६० पासून ते सुरू झालं. अधिवेशनाच्या आठवडाभर आधी आमदार निवासातले गिझर चालू आहेत की नाही, रजया पुरेशा आहेत की नाही, याच्या बातम्या आम्ही पत्रकारच छापतो. मीही छापल्या आहेत. त्यात वाईट काही नाही, पूर्व विदर्भातली थंडी मुंबईच्या माणसाला सोसत नाही हे खरंच आहे.

काही वर्षांपूर्वी अशाच एका अधिवेशनात मी धरणे मंडपांच्या रांगेतून फिरत होतो. मंडपाबाहेर शेकोटी पेटलेली. तिथं आमच्याच तालुक्यातला एक माणूस भेटला. हातात निवेदनाची झेरॉक्स, सोबत बारा-तेरा वर्षांची मुलगी. मुलीला सिकलसेल, एसएस पॅटर्न. निवेदनात नेहमीच्या मागण्या होत्या, औषधं नियमित मिळावीत, रक्त मिळावं, प्रमाणपत्र लवकर मिळावं. मी वही बंद करणार तेवढ्यात तो म्हणाला, "गोळी देते जी सरकार. नाई म्हणत नाई. पण पोरगी हॉस्टेलात पहाटं थंड्या पाण्यानं आंघोळ करते, तिथं गोळी काय करन?"

मी बातमी चार ओळींची लावली. 'सिकलसेलग्रस्तांचे धरणे.' पाण्याचं वाक्य त्यात नव्हतं. मला ते मागणीसारखं वाटलंच नाही.

आज ही पोस्ट त्या वाक्याबद्दल आहे. उशिरा लिहितोय, कबूल आहे. आणि लांब आहे, तेव्हा चहा घेऊन बसा.

आधी आजार थोडक्यात, कारण आपल्या भागात नाव सगळ्यांना माहीत आहे पण आत काय होतं ते फार जणांना नाही. आपल्या रक्तातली लाल पेशी गोल आणि मऊ असते, बारीक नळीतूनही वाकून निघून जाते. सिकलसेलमध्ये ती प्राणवायू सोडला की विळ्यासारखी वाकडी आणि कडक होते. अंगाला गारठा लागला की कातडीजवळच्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्त हळू वाहायला लागतं. पेशी तिथं जास्त वेळ रेंगाळतात, जास्त प्राणवायू सोडतात, वाकड्या होतात आणि एकमेकींत अडकतात. पुढच्या हाडाला, स्नायूला रक्त मिळत नाही. मग जी कळ येते तिला डॉक्टर 'क्रायसिस' म्हणतात. ज्यांनी ती रात्र घरात काढली आहे त्यांना वेगळं सांगायला नको. त्यात थंडीत पोरं पाणी कमी पितात, सर्दी-खोकला होतो, तेही आगीत तेल.

आणि हे थंडीचं नातं काही आज कळलेलं नाही. या आजाराची पहिली नोंदच हिवाळ्यातली आहे. कॅरिबियन बेटांमधल्या ग्रेनाडाचा वॉल्टर क्लेमेंट नोएल नावाचा तरुण दंतवैद्यकी शिकायला शिकागोला गेला. १९०४ च्या डिसेंबरच्या शेवटी धाप लागली म्हणून रुग्णालयात दाखल झाला. अर्नेस्ट आयर्न्स या शिकाऊ डॉक्टरला त्याच्या रक्तात विळ्याच्या आकाराच्या पेशी दिसल्या आणि जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये ते प्रसिद्ध केलं. नोएल शिकून परत गेला, दवाखाना टाकला आणि १९१६ मध्ये वयाच्या ३२ व्या वर्षी छातीच्या विकारानं गेला. उष्ण बेटावरचा मुलगा शिकागोच्या बर्फात, पहिली केस म्हणून नोंदला गेला तो असा.

१९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की मूळ बिघाड हिमोग्लोबिनच्या रेणूत आहे. १९५४ मध्ये अँथनी अॅलिसन यांनी मलेरियाशी याचा संबंध दाखवला. ज्याच्या अंगात हा गुण आई किंवा बाप अशा एकाच बाजूनं आलाय त्याला मलेरिया कमी मारतो, म्हणून मलेरियाच्या जंगलपट्ट्यात तो पिढ्यान्‌पिढ्या टिकला. आपला झाडीपट्टीचा नकाशा डोळ्यासमोर आणा म्हणजे कळेल.

भारतात १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींमध्ये तो पहिल्यांदा नोंदवला गेला. आपल्या नागपूरची पाळी सहा वर्षांनी आली. शुक्ला आणि सोळंकी या डॉक्टरांचा मध्य भारताविषयीचा निबंध १९५८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. म्हणजे संयुक्त महाराष्ट्र व्हायच्या आधीपासून हा आजार आपल्याकडे कागदावर आहे. गोंड, माडिया, परधान, पूर्वाश्रमीचे महार, काही प्रमाणात कुणबी, तेली, सगळ्यांत तो आहे. 'तो आदिवासींचा आजार' असं म्हणून मोकळं होणाऱ्यांनी आपल्याच गावच्या तपासणीची यादी एकदा बघावी.

आता १९७६ ची एक गोष्ट, मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. त्या वर्षी 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये जमैकातल्या डॉक्टरांचा अभ्यास आला. हवामान आणि सिकलसेलची कळ यांचा हिशोब त्यांनी मांडला होता. थंड महिन्यांत दुखण्याचे रुग्ण वाढतात, असं निघालं. अहो, जमैका! तिथं बर्फ पडत नाही. तिथली 'थंडी' म्हणजे आपल्याकडचा दिवाळीचा गारवा. याचा अर्थ असा की कळ यायला शून्य अंश लागत नाही, अंग अचानक गार पडणं पुरतं. पावसात भिजणं, गार पाण्यात उतरणं, भल्या पहाटे डोक्यावरून तांब्या ओतणं.

तेव्हा 'आपल्याकडं कुठं एवढी थंडी असते' हे साहेबी उत्तर इथंच बाजूला ठेवू. आणि असतेही. २९ डिसेंबर २०१८ ला नागपुरात पारा ३.५ अंशांवर गेला होता.

प्रामाणिकपणे दुसरी बाजूही सांगतो. सगळ्या अभ्यासांत थंडीचा परिणाम सारखा दिसत नाही. लंडनमधल्या २००५ च्या एका अभ्यासात तापमानापेक्षा वारा आणि कोरडी हवा यांचा संबंध जास्त दिसला. माझा अंदाज असा, डॉक्टर मंडळींनी चूक असेल तर दुरुस्त करावा, की ज्या देशात घर, शाळा, बस सगळं आतून गरम असतं तिथं बाहेरच्या पाऱ्याचा रुग्णाला तितका फरक पडत नाही. आमच्या पोरांच्या अंगावर तर बाहेरचाच पारा आत येऊन झोपतो.

मग सरकारनं काय केलं? काहीच नाही असं लिहिलं तर खोटं होईल आणि ज्यांनी यासाठी आयुष्य घातलं त्यांचा अपमान होईल. अभय आणि राणी बंग १९८६ मध्ये गडचिरोलीत आले तेव्हा त्यांचा सुरुवातीचा अभ्यास सिकलसेलवरच होता. पण लोकांना तो आपला तातडीचा प्रश्न वाटला नाही, हे त्यांनी पुढं स्वतःच सांगितलंय. नागपुरात संपत रामटेके यांनी रुग्णांची संघटना उभी केली, कार्यालयांचे उंबरठे झिजवले. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. या रेट्यातून एकेक गोष्ट पदरात पडली. गावपातळीवर रक्ततपासणी आली. फोलिक अॅसिड आणि हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्या आल्या. दहावी-बारावीच्या पेपरला ताशी २० मिनिटं जास्त मिळू लागली. एसटीच्या साध्या गाडीत प्रवास मोफत झाला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं दिव्यांगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले, त्यात थॅलेसेमिया आणि हिमोफिलियाबरोबर सिकलसेल आला. आणि १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलला पंतप्रधानांनी राष्ट्रीय मोहीम सुरू केली, ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन.

यादी मोठी आहे. पण नीट वाचा. तपासणी, कार्ड, गोळी, टक्के, तिकीट. जे मोजता येतं आणि ज्याच्यावर शिक्का मारता येतो ते सगळं आहे. थंडी कुठंच नाही. दवाखान्यातली ताई समुपदेशनात सांगते, 'गरम कपडे घाला, गार पाण्यात जाऊ नका.' म्हणजे सरकारला माहीत आहे! सल्ला द्यायला माहीत आहे, फक्त तो पाळायला लागणारं पातेलंभर गरम पाणी कोणत्याच योजनेत बसत नाही.

दिव्यांग प्रमाणपत्राचंही तसंच. ४० टक्के असल्याशिवाय बहुतेक लाभ नाहीत. हा आजार येतो आणि जातो. जानेवारीत जे पोरगं कळ मारून गडाबडा लोळतं, ते एप्रिलमध्ये बोर्डासमोर उभं राहतं तेव्हा चांगलं चालतं-बोलतं. डॉक्टर तरी काय करणार, समोर दिसतं ते लिहिणार.

थंडी सरकारी फॉर्मवर कधी आलीच नाही का, म्हणून मी जरा शोधत गेलो, तर आली आहे. इंग्लंडमध्ये. आणि तिथं तिचं पुढं काय झालं ते आपल्या कामाचं आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटननं गरिबांसाठी जो पूरक भत्ता उभा केला त्यात 'हीटिंग अॅडिशन' नावाची रक्कम होती. म्हणजे घर तापवायला जादा पैसे. ते कोणाला? ज्याचं घर ओलसर आहे, जो चालू-फिरू शकत नाही, ज्याला जुनाट आजारामुळं जास्त ऊब लागते. पारा बघायचा नाही, माणसाचं दुखणं बघायचं. आमच्या मंडपातल्या बापाला नेमकं हेच हवं होतं.

एप्रिल १९८८ मध्ये ते गेलं. थॅचरबाईंच्या काळात नॉर्मन फाउलर यांनी भत्त्यांची फेररचना केली, ही बारीकसारीक जादा रक्कम काढून टाकली. घरोघरी जाऊन कोणाला किती ऊब लागते हे ठरवणं किचकट, खर्चिक, शिवाय दरवेळी वाद. त्याच वर्षीपासून 'कोल्ड वेदर पेमेंट' आजच्या चौकटीत आलं. आज त्याचा हिशोब असा: हवामान केंद्रावर सलग सात दिवस सरासरी पारा शून्य किंवा खाली गेला की त्या भागातल्या ठरावीक भत्तेधारकांना २५ पौंड. त्यातही वृद्ध, दिव्यांग, लहान मूल असलेलं घर अशा अटी. नोकरी करून कसंबसं भागवणारा आजारी माणूस त्यात नाही. पुढं १९९७ मध्ये अर्थमंत्री गॉर्डन ब्राउन यांनी सगळ्या पेन्शनरांसाठी 'विंटर फ्युएल पेमेंट' आणलं. सुरुवातीला २० पौंड, फारच गरीब असेल तर ५०, नंतर वाढत २००-३०० पर्यंत गेलं. लखपती पेन्शनरलाही तेच आणि चाळीतल्यालाही तेच.

बघा काय झालं. आधी दुखणं विचारायचे. मग थर्मामीटर विचारायला लागले, मग जन्मतारीख. दोन्ही सोयीचे, बाबूला घरातून उठावं लागत नाही. पण पंचविशीतल्या सिकलसेल रुग्णाची जन्मतारीख चुकीची आणि त्याची कळ पाच अंशांवरच सुरू होते, शून्याची वाट बघत नाही. तिथले हे रुग्ण बहुतेक आफ्रिकी आणि कॅरिबियन वंशाचे. त्यांच्याकडं एकूणच किती दुर्लक्ष होतं यावर २०२१ मध्ये तिथल्या खासदारांच्या गटानं अहवाल काढला, त्याचं नावच 'कोणी ऐकत नाही' अशा अर्थाचं आहे. इंग्लंडमध्ये काही जुनाट आजारांना औषधाची फी माफ आहे, ती यादी १९६८ ची. त्यात सिकलसेल अजून नाही. श्रीमंत देश असला म्हणून यादीत नाव आपोआप चढत नाही, एवढं यातून कळलं.

पण दुसरी गोष्टही कळली. एकदा दिलेली ऊब काढून घेणं फार अवघड असतं. जुलै २०२४ मध्ये अर्थमंत्री रेचल रीव्ह्ज यांनी विंटर फ्युएल पेमेंट फक्त गरीब पेन्शनरांपुरतं ठेवलं, जवळपास १ कोटी लोकांचं गेलं. एवढा गदारोळ झाला की जून २०२५ मध्ये सरकारला पाऊल मागं घ्यावं लागलं आणि वर्षाला ३५ हजार पौंडांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना ते परत मिळालं. पेन्शनर संघटित आहेत, मतदान करतात. आजारी तरुण मोजकेच आणि पांगलेले.

मधल्या मधे तिथं काही चांगले प्रयोगही झाले. स्कॉटलंडनं नोव्हेंबर २०२० पासून तीव्र दिव्यांग मुलांच्या घरांसाठी वेगळी हिवाळी मदत सुरू केली, तेव्हा २०० पौंड. इंग्लंडच्या ग्लॉस्टरशायरमध्ये २०२१-२२ च्या हिवाळ्यात तर डॉक्टरांकडूनच 'ऊब' लिहून दिली गेली, औषधासारखी. थंडीनं ज्याचा आजार बळावतो त्याच्या घराचं हीटिंगचं बिल भरलं गेलं. म्हणजे १९८८ ला जे दारातून घालवलं ते तेहतीस वर्षांनी चिठ्ठी लिहून परत बोलावलं.

आपल्याकडं परत येतो. कायद्यात थंडी आपल्याकडंही आहे, पण कुठं? आपत्ती निवारण निधीच्या अधिसूचित आपत्तींमध्ये. दुष्काळ, पूर, गारपीट, त्यात शीतलहरही आहे. त्या यादीतल्या आपत्तीनं माणूस दगावला तर वारसाला ४ लाख मिळू शकतात. पण आमच्या भागात थंडीनं कोणी 'थंडीनं' मरत नाही. हृदयविकारानं मरतो, न्यूमोनियानं मरतो, सिकलसेलनं मरतो. २०१५ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये १३ देशांतल्या ७ कोटींहून जास्त मृत्यूंचा हिशोब आला होता. त्यात उकाड्यापेक्षा थंडीशी जोडले गेलेले मृत्यू कितीतरी पट जास्त निघाले आणि त्यातले बहुतेक कडाक्याच्या नव्हे, साध्या गारठ्याच्या दिवसांतले.

एकदा न्यायालयानं कान धरला होता. डिसेंबर २००९ मध्ये दिल्लीत महापालिकेनं एक रात्रनिवारा पाडला, थंडीत माणसं मेली. सर्वोच्च न्यायालयाच्या अन्न हक्काच्या खटल्यातल्या आयुक्तांनी, एन. सी. सक्सेना आणि हर्ष मंदेर यांनी, जानेवारी २०१० मध्ये पत्र लिहिलं आणि न्यायालयानं निवारे उभारायला लावले. पुढं ते देशातल्या मोठ्या शहरांना लागू झालं. शहरांना. आश्रमशाळा शहरात नसते.

आणि उन्हाळ्याचं बघा. नागपूरनं २०१६ पासून उष्माघाताचा कृती आराखडा राबवलाय, दुपारी बागा उघड्या, दवाखान्यात थंड वॉर्ड, कामाच्या वेळा बदललेल्या. म्हणजे हवामान आणि आरोग्य यांची सांगड घालता येते. मनात आणलं तर महापालिकेलाही येते.

तो बाप भेटल्यानंतर साधारण दीड वर्षानं मी एका आश्रमशाळेत गेलो होतो, बातमी दुसरीच होती. छतावर सोलरचे पॅनल, खाली नळ. पहाटे साडेपाचला पोरं त्या नळाखाली रांगेनं. मी हात लावला, पाणी बर्फासारखं. अधीक्षक भला माणूस होता. म्हणाला, "टाकी फुटली सर, प्रस्ताव पाठवलाय." कधी, तर दोन वर्षांपूर्वी. आजारी मुलांना सूट आहे का, विचारलं. "सूट देतो, पण मग बाकीची पोरं चिडवतात." २०१७ पासून आश्रमशाळेतल्या मुलांना बऱ्याच वस्तूंऐवजी रक्कम खात्यात जाते. त्यामागं कारण होतं, खरेदीतला भ्रष्टाचार आम्हीच छापला होता. पण खात्यातल्या पैशाचं स्वेटर होईलच असं नाही, घरी तेव्हा दुसरंच काही निघतं. आणि गरम पाणी तर खात्यात टाकताच येत नाही.

घरी आई चुलीवर हंडा ठेवते, हे विसरू नका. गरिबातलं गरीब घरसुद्धा दुखऱ्या पोराला पाणी तापवून देतं. पोरगं सरकारच्या छपराखाली गेलं की ते बंद होतं.

मी काही तज्ज्ञ नाही, पण मागायचंच तर फार मोठं नाही मागायचं. जिथं एसएसचं एकही मूल राहतं त्या प्रत्येक वसतिगृहात आणि आश्रमशाळेत १ नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर गरम पाणी, आणि सगळ्यांना, म्हणजे चिडवायचा प्रश्न नाही. तपासणीच्या यादीवरून दिवाळीआधी घोंगडी-स्वेटर, तेही वस्तूच्या रूपात. आणि दिव्यांग बोर्डानं एका दिवसाचं चालणं न बघता मागच्या दोन हिवाळ्यांतले दवाखान्याचे कागद बघावेत. यादी सरकारकडं तयार आहे, कोणाच्या घरी एसएस आहे हे नावानिशी माहीत आहे. इंग्लंडला घरोघरी जाऊन शोधावं लागत होतं, ते आपल्याला करायची गरजच नाही.

त्या मुलीचं विचाराल. नववीत, तिसऱ्यांदा दवाखान्यात भरती झाल्यावर, बापानं तिला घरी आणलं. गावात आठवीपर्यंतच शाळा. मागच्या महिन्यात रस्त्यात भेटला तर म्हणाला, "आता कमी दुखते जी. घरी पाणी गरम भेटते ना." शाळेचं मी विचारलं नाही.

या डिसेंबरात पुन्हा अधिवेशन आहे. माहितीच्या अधिकारात एक अर्ज टाकतोय: आपल्या प्रकल्पातल्या किती आश्रमशाळांत सोलर हीटर बसवले, किती चालू आहेत, दुरुस्तीचे किती प्रस्ताव पडून आहेत. उत्तर येईल तेव्हा इथंच टाकीन. तोपर्यंत तुमच्या गावच्या वसतिगृहात पहाटे नळाला हात लावून बघा आणि कसं होतं ते खाली लिहा. मुलांची नावं लिहू नका, शाळेचं गाव पुरे.